साचा बदलला, पान का नाही बदललं?

स्वतःच्या संशोधनासाठी ब्लॉग उभा करायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात हा अनुभव येतो. थीमच्या फाइलमध्ये शीर्षकाचा रंग बदलायचा, फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करायचं, आणि रंग जसाच्या तसा. पुन्हा बदलायचा, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो आणि नसलेली चूक शोधता शोधता चांगला चालणारा कोड बिघडवून ठेवतो. दोष कोडमध्ये नसतोच. तुम्ही बदललेला साचा आणि तुम्हाला दिसणारं पान यांच्या मध्ये एक साठवलेली प्रत बसलेली असते. सर्व्हर ताजा स्वयंपाक करायचं सोडून तुम्हाला तेच शिळं पुन्हा वाढत असतो.

आजचा लेख या साठवलेल्या प्रतीच्या इतिहासावर आहे. थीम बनवताना ती प्रत बंद कशी करायची हे ओघात येईलच. पण इतिहास, समाजशास्त्र किंवा माध्यमं या विषयांत संशोधन करणार असाल तर माझा खरा मुद्दा वेगळा आहे. ज्या पानाला तुम्ही उद्या पुरावा म्हणून प्रबंधात बसवणार आहात, ते पान नक्की कोणत्या दिवशीचं आहे?

आधी शब्दाकडे बघू. याला ‘कॅश’ म्हणतात आणि मराठीत तो शब्द ऐकला की गल्ल्यातली रोकड आठवते. नाशिकरोडला नोटांच्या छापखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला तर जास्तच. हा कॅश मात्र फ्रेंचमधून आलेला, ‘लपवणे’ या अर्थाचा. संगणकाच्या जगात कल्पना आधी आली आणि नाव नंतर. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या, मंद स्मृतीच्या पुढ्यात एक छोटी, वेगवान स्मृती ठेवायची कल्पना मांडली. तिला त्यांनी ‘स्लेव्ह मेमरी’ म्हटलं होतं. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती प्रत्यक्षात आली आणि १९६८ मध्ये कंपनीच्या नियतकालिकातून ‘कॅश’ हे नाव रूढ झालं. तत्त्व साधं आहे: जे पुन्हा पुन्हा मागितलं जातं ते हाताशी ठेवा. अडचणही तेवढीच साधी. मूळ बदललं तर हाताशी ठेवलेल्याला ते कळवायचं कोणी?

ब्लॉगच्या जगात या अडचणीने दोन वेगळी रूपं घेतली, आणि संशोधकाला दोन्ही माहीत हवीत.

पहिलं रूप मूव्हेबल टाइपचं. बेन आणि मेना ट्रॉट या जोडप्याने हे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २००१ मध्ये आणलं. नावातच छपाई आहे आणि वागणंही छापखान्यासारखंच. तुम्ही नोंद लिहिली की ते साच्यात मजकूर बसवून प्रत्येक पानाची तयार फाइल बनवून ठेवायचं. वाचक आला की ती फाइल उचलून द्यायची, बस्स. सर्व्हरला कष्ट नाहीत. पण साचा बदललात तर ‘रीबिल्ड’ हे बटण दाबावं लागे आणि शेकडो नोंदींचा ब्लॉग असेल तर सगळी पानं नव्याने बनेपर्यंत चहा पिऊन यावं लागे. मराठीत सुरुवातीला ज्यांनी ब्लॉगस्पॉटवर लिहिलं त्यांना याचंच भावंड आठवेल: ब्लॉगरचं ‘रिपब्लिश’. २००६ मध्ये ब्लॉगरची नवी आवृत्ती येईपर्यंत तिथेही पानं आधी बनवून ठेवण्याचीच रीत होती.

दुसरं रूप वर्डप्रेसचं. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती आली आणि फेब्रुवारी २००५ मधल्या १.५ या आवृत्तीत ‘थीम’ ही सोय आली. इथे पान आधी बनवलेलं नसतं. वाचक दारात आला की डेटाबेसमधून मजकूर काढायचा, साच्यात ओतायचा आणि गरम गरम द्यायचा. साचा बदलला की पुढच्याच क्षणी सगळा ब्लॉग बदलला. लोकांना हे फार आवडलं. २००४ मध्ये मूव्हेबल टाइपने परवान्याच्या अटी आणि किमती बदलल्या तेव्हा नाराज झालेले कितीतरी लेखक वर्डप्रेसकडे आले, त्यात या सोयीचाही वाटा असणार असं मला वाटतं.

पण गरम गरम वाढायला माणसं लागतात. एखादी नोंद गाजली, हजारो वाचक एकदम आले की स्वस्तातला सर्व्हर कोलमडायचा. मग रिकार्डो गॅली यांचं डब्ल्यूपी-कॅश आलं आणि त्यावर बेतलेलं डोंका ओ क्यूव्ह यांचं डब्ल्यूपी सुपर कॅश. दोघांचं काम एकच: पहिल्या वाचकासाठी बनवलेलं पान फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्यांना तेच द्या. म्हणजे फिरून मूव्हेबल टाइपच्या वाटेवर! फक्त आता रीबिल्डचं बटण नजरेसमोर राहिलं नाही. प्रत बनते आणि शिळीही होते, पण आपल्या नकळत.

मधल्या काळात साच्यांचीही एक वेगळी साठवण सुरू झाली होती. मॉन्टी ओर्ट आणि आंद्रेई झ्मिएव्हस्की यांचं स्मार्टी हे पीएचपीसाठीचं टेम्प्लेट इंजिन २००१ मध्ये पहिल्या आवृत्तीपर्यंत आलं. सेरेंडिपिटीसारखी ब्लॉगची सॉफ्टवेअर त्यावर उभी आहेत. स्मार्टीत दोन साठवणी आहेत आणि नवशिके नेहमी त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे साच्याचं पीएचपीत केलेलं भाषांतर. हे एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवलं जातं. दुसरी म्हणजे त्या भाषांतरातून निघालेलं तयार पान. पहिलीसाठी ‘कंपाईल चेक’ नावाची तपासणी असते: मूळ फाइलची वेळ भाषांतरापेक्षा नवी असेल तर भाषांतर पुन्हा करायचं. ही तपासणी एरवी चालूच असते. थीम बनवताना मात्र ‘फोर्स कंपाईल’ चालू करायचं, म्हणजे काहीही न विचारता दर वेळी नवं भाषांतर. दुसरीसाठी ‘कॅशिंग’ बंद ठेवायचं. चालू असेल आणि मुदत बदललेली नसेल तर तयार पान ३६०० सेकंद, म्हणजे तासभर, तसंच मिळत राहतं. स्मार्टीचं माहितीपत्रक स्पष्ट बजावतं की फोर्स कंपाईल हे फक्त बांधकाम चालू असताना वापरायचं, खुल्या संकेतस्थळावर कधीच नाही.

छापखान्याशी संबंध आलेल्या घरातल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. खिळ्यांच्या छपाईत जुळारी मजकूर जुळवायचा, गॅलीवर प्रूफ निघायचं, खुणा व्हायच्या, खिळे काढून नवे बसवले जायचे. पुन्हा प्रूफ. या टप्प्यावर सगळं सैल, सगळं बदलण्याजोगं. मोठ्या खपाचं किंवा पुन्हा पुन्हा छापायचं पुस्तक असेल तर जुळवलेल्या पानाचा ठसा घेऊन धातूची अखंड प्लेट ओतायची आणि खिळे पुढच्या कामाला मोकळे करायचे. प्लेट झाली की छपाई भराभर, पण एक वेलांटी दुरुस्त करायची तर धातू कापून जोड द्यावा लागे. ‘डेव्हलपमेंट मोड’ म्हणजे प्रूफाचा टप्पा आणि ‘कॅश चालू’ म्हणजे प्लेट. कोणीही शहाणा मालक प्रूफं चालू असताना प्लेट ओतत नसे.

आता नाशिककडे येऊ, कारण साठवलेल्या साच्याचा याहून मोठा धडा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

भारताची टपाल तिकिटं १९२६ पर्यंत लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापली जाऊ लागली, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला आणि १९३२ पर्यंत भारताच्या सगळ्या किमतींच्या नोटा इथे छापल्या जात होत्या. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, पण तिच्याकडे स्वतःची नोट नव्हती. कायद्याच्या २२ व्या कलमातच सोय होती: स्वतःच्या नोटा तयार होईपर्यंत बँकेने भारत सरकारच्या जुन्याच नोटा चालवायच्या. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारला, आठवा एडवर्ड वर्षभरही गादीवर टिकला नाही, आणि रिझर्व्ह बँकेची पहिली पाच रुपयांची नोट सहाव्या जॉर्जच्या चित्रासह निघाली ती जानेवारी १९३८ मध्ये. म्हणजे दोन वर्षं लोकांच्या खिशात मेलेल्या राजाचं चित्र होतं आणि त्याने व्यवहार कुठे अडला नाही. साठवलेली प्रत चालते, ती अशी.

१९४७ ला पेच वाढला. एका रात्रीत दोन देश झाले. तिकिटांचे आणि नोटांचे साचे एका रात्रीत होत नाहीत. पाकिस्तानसाठी नाशिकला सहाव्या जॉर्जची भारतीय तिकिटंच पुन्हा यंत्रात घालून त्यांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द इंग्रजीत छापला गेला आणि ती १ ऑक्टोबर १९४७ पासून वापरात आली. नोटांचं तसंच. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात ज्या नोटा निघाल्या त्या रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच्याच होत्या, त्यांवर इंग्रजीत आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ एवढं वाढवलेलं. त्याही नाशिकच्याच. पाकिस्तानची स्टेट बँक उघडली १ जुलै १९४८ ला. नवं राष्ट्र, जुना राजा, शेजारच्या देशाची बँक, आणि सगळं एकाच कागदावर.

भारतातही फार वेगळं नव्हतं. ‘जय हिंद’चं तिरंग्याचं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला आलं, पण रोजच्या वापरातली राजाच्या चित्राची तिकिटं बदलणारी पुरातत्त्व मालिका यायला १५ ऑगस्ट १९४९ उजाडला. नव्या नमुन्याची एक रुपयाची नोट १९४९ ची. राजाच्या जागी गांधीजींचं चित्र यावं असं आधी घाटत होतं, शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ ठरला. नोटेची बाकीची रचना बरीचशी जुन्याच वळणाची राहिली. थीम बदलताना आपणही असंच करतो की! शीर्षपट्टी बदलतो, आणि खालचा सांगाडा मागच्या थीमचाच राहतो.

आता समजा अभिलेखागारात तुमच्या हाती ‘पाकिस्तान’ असं छापलेलं एक तिकीट आलं. त्याची तारीख काय? खालच्या चित्राचा साचा १९४० च्या आसपासचा, रुपयाच्या किमतीचं तिकीट असेल तर त्याहूनही आधीचा, १९३७ चा. वरचा शब्द १९४७ चा. टपालाचा शिक्का कदाचित १९४८ चा. तिकीट एकच, पण त्याच्यात तीन काळ एकावर एक बसलेत, आणि तुमच्या प्रश्नाला यातला कोणता थर उत्तर देणार आहे हे तुम्हालाच ठरवावं लागतं. तिकीट जमवणारे लोक हे शाळकरी वयापासून करतात. वेब पानांच्या बाबतीत मात्र आपण पीएचडीला आलो तरी वरची एकच तारीख वाचून मोकळे होतो.

वेबचा पुरावा बहुतेक वेळा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून घेतला जातो. अर्काइव्ह १९९६ पासून पानं साठवतंय, २००१ पासून ती सगळ्यांना बघता येतात. पानाच्या डोक्यावर तारीख दिसते आणि ती तारीख प्रबंधाच्या तळटीपेत जाते. पण ती फक्त मुख्य फाइलची तारीख असते. चित्रं, रंगरूपाची फाइल, बाजूची पट्टी हे सगळं वेगवेगळ्या दिवशी गोळा झालेलं असू शकतं. मशीन जवळच्या तारखेचे तुकडे उचलून पान जुळवतं. स्कॉट एन्सवर्थ, मायकल नेल्सन आणि हर्बर्ट व्हॅन डी सॉम्पेल यांनी २०१५ मध्ये हेच मोजलं. त्यांच्या नमुन्यात जास्तीत जास्त १७.९ टक्के पानं अशी निघाली की जी पूर्णही होती आणि ज्यांचे सगळे तुकडे एकाच काळाचे मानता येत होते. ढोबळमानाने पाचांत एक! बाकीची चार पानं त्या रूपात कधी अस्तित्वात होती की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

याला ब्लॉगचा कॅश जोडा. अर्काइव्हचा सांगकाम्या ज्या दिवशी आला त्या दिवशी सर्व्हरने त्याला ताजं पान दिलं की साठवलेलं? आणि मघाची दोन रूपं आठवा. मूव्हेबल टाइपच्या ब्लॉगवर लेखकाने साचा बदलून सगळं रीबिल्ड केलं नसेल तर एकाच दिवशी काही पानं जुन्या वेशात आणि काही नव्या वेशात सापडतील; त्यावरून ‘लेखकाने दोन वेगळे विभाग केले होते’ असा निष्कर्ष काढलात तर फसलात. वर्डप्रेसवर उलटं. २००६ ची नोंद आज उघडलीत तर ती आजच्या थीमच्या कपड्यांत समोर येते. तिच्या शेजारी दिसणाऱ्या जाहिराती, दुवे, फोटो यांचा २००६ शी काडीचा संबंध नसतो. ‘त्या काळी मराठी ब्लॉग कसे दिसायचे’ यावर काम करायचं असेल तर चालू ब्लॉग उघडून चित्रं घेणं पूर्णपणे निरुपयोगी आहे. हे मी जरा जोरात म्हणतोय, कारण अशी चित्रं लावलेले निबंध अजूनही चर्चासत्रांत दिसतात.

मग थर ओळखायचे कसे? यासाठीच थीम बनवण्याचा अनुभव कामाला येतो, म्हणून विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतःच्या हाताने एखादी छोटी थीम बनवून पाहावी असं माझं मत आहे. साच्याच्या तळाशी सर्व्हरची चालू वेळ, सेकंदासकट, छापायची. पान रिफ्रेश करा. वेळ पुढे सरकली तर पान ताजं बनतंय. अडकली तर कुठेतरी प्रत साठलीय, आणि अडकलेली वेळ म्हणजेच ती प्रत कधी बनली त्याचा शिक्का. आता खासगी खिडकीत उघडा. तिथे वेळ सरकत असेल तर साठवण तुमच्या ब्राउझरची होती. ब्राउझरच्या विकसक साधनांत नेटवर्कच्या पट्टीवर ‘डिसेबल कॅश’ची खूण करा. ती खूण साधनांची खिडकी उघडी असेपर्यंतच लागू असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खासगी खिडकीतही वेळ अडकलेलीच असेल तर सर्व्हरवर बघा: कॅशचं प्लगइन बंद करा, त्याने ठेवलेली पानं पुसा. आणि वेळ सरकतेय पण साच्यातला बदल मात्र दिसत नाही, असं झालं तर गोम भाषांतर करून ठेवलेल्या साच्यात आहे. पीएचपी ५.५ पासून सोबत येणारं ओपीकॅश फाइल बदलली का हे ठराविक सेकंदांनी तपासतं. काही सर्व्हरवर वेगासाठी ही तपासणीच बंद केलेली असते, तिथे ओपीकॅश हाताने पुसावं लागतं किंवा पीएचपी पुन्हा सुरू करावं लागतं.

वर्डप्रेसने स्वतः या प्रश्नाला नाव दिलं ते बरंच उशिरा. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीत ‘डेव्हलपमेंट मोड’ नावाची सेटिंग आली. तिला ‘थीम’ ही किंमत दिली की थीमच्या मांडणीच्या फाइलमधून काढून ठेवलेली माहिती वापरली जात नाही, दर वेळी मूळ फाइल वाचली जाते. वीस वर्षं ‘आमच्याकडे साचा बदलला की पान बदलतं’ असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला हे करावं लागलं, कारण वेगासाठी त्याच्याही पोटात साठवणी वाढत गेल्या होत्या. ड्रुपलमध्ये (आपली बरीच मराठी संकेतस्थळं यावर उभी राहिली) हे दुखणं जुनं. २००८ च्या सहाव्या आवृत्तीपासून तिथे साच्यांची एक नोंदवही असते. नवी साच्याची फाइल टाकली तरी नोंदवही पुसल्याशिवाय ती दिसतच नाही. २०१५ च्या आठव्या आवृत्तीनंतर ट्विग साच्यांचा कॅश बंद आणि ‘ऑटो रीलोड’ चालू करावं लागतं. काम झालं की मात्र सगळं पूर्ववत करा. विभागाच्या ब्लॉगवर निकालाच्या दिवशी पाचशे मुलं एकदम आली आणि डेव्हलपमेंट मोड चालूच राहिलेला असला, तर प्रत्येकासाठी पान नव्याने रांधता रांधता सर्व्हर बसेल.

जुन्या पानांवर हीच नजर वापरा. वेबॅकमधल्या पानाचा सोर्स उघडा आणि तळाशी जा. डब्ल्यूपी सुपर कॅश तिथे एक टिप्पणी ठेवून जातं: हे साठवलेलं पान अमुक तारखेला, अमुक वेळी बनवलं. वाचकाला ती दिसत नाही, संशोधकाला सोन्यासारखी. वर डोक्यात ‘जनरेटर’ नावाच्या ओळीत अनेकदा वर्डप्रेसची आवृत्ती असते. रंगरूपाच्या फाइलच्या सुरुवातीला थीमचं नाव आणि आवृत्ती. वेबॅकच्या पट्टीत ‘या प्रतीविषयी’ असा भाग उघडला तर प्रत्येक तुकडा मुख्य पानाच्या किती आधी किंवा नंतर गोळा झाला तेही दिसतं.

म्हणून तळटीपेत एक तारीख लिहून थांबू नका. मुख्य पान अर्काइव्हने कधी घेतलं, सोर्समधल्या टिप्पणीप्रमाणे ते सर्व्हरवर कधी बनलं होतं, आणि तुमचा युक्तिवाद ज्या तुकड्यावर उभा आहे (चित्र असेल, शीर्षपट्टी असेल) तो कधीचा, अशा तीन तारखा नोंदवा. टिप्पणी सापडली नाही तर ‘सर्व्हरवरची वेळ अनुपलब्ध’ असं लिहा. तळटीप लांबते, मार्गदर्शक कुरकुर करतात. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने ‘हे पान असंच दिसत होतं कशावरून?’ असं विचारलं, की त्यांना ती टीप दाखवा.